घोट्यावरचा सेन्सर आणि औषधाची परीक्षा: डुशेन स्नायूविकारावरचं संशोधन कसं चालतं?

तुमच्या फोनमध्ये ॲक्सिलरोमीटर आणि जायरोस्कोप असतात. स्क्रीन आडवी होते, पावलं मोजली जातात, गेममधली गाडी वळते ती त्यांच्यामुळे. याच जातीच्या सेन्सरमधून काढलेला एक आकडा युरोपच्या औषध नियामक संस्थेने, म्हणजे ईएमएने, २०२३ मध्ये औषध चाचणीचा मुख्य निकष म्हणून मान्य केला. आकड्याचं नाव एसव्ही९५सी. आजार आहे डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी. या आजारात औषध बनवणं जितकं अवघड, जवळपास तितकंच ते लागू पडलं की नाही हे ठरवणं अवघड, म्हणून हा लेख.

आजार काय आहे?

डुशेन हा जनुकातल्या बिघाडामुळे होणारा स्नायूंचा आजार. साधारण ३५०० ते ५००० मुलग्यांमागे एकाला होतो. मुलग्यांनाच का, तर हे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे आणि मुलग्यांकडे त्याची एकच कॉपी असते. बॅकअप नाही. मूल उशिरा चालायला लागतं, पोटऱ्या फुगीर दिसतात, जमिनीवरून उठताना ते मांड्यांवर हात टेकत टेकत उठतं. बहुतेकांचं चालणं बाराव्या वर्षाच्या आसपास थांबतं. पुढे श्वासाचे आणि हृदयाचे स्नायूही कमजोर होतात.

१९८६-८७ मध्ये अमेरिकेत लुई कंकेल यांच्या टीमने जबाबदार जनुक आणि त्यापासून बनणारं प्रथिन शोधलं. प्रथिनाचं नाव डिस्ट्रोफिन. स्नायूची पेशी आकुंचन पावते तेव्हा तिचं आवरण फाटू नये म्हणून ते शॉकअब्झॉर्बरचं काम करतं. जनुक अवाढव्य आहे: २२ लाखांहून जास्त अक्षरं, ७९ तुकडे. या तुकड्यांना एक्झॉन म्हणतात.

पेशी हा कोड तीन-तीन अक्षरांच्या गटात वाचते. समजा वाक्य आहे: कमल सकाळी बागेत फिरली. प्रत्येक शब्द तीन अक्षरांचा. आता फक्त ‘का’ उडवा आणि तरीही तीन-तीननेच वाचा: कमल सळीबा गेतफि रली. एका अक्षराने पुढचं सगळं बिघडलं. हा डुशेन. पण उरलेलं ‘सळी’ सुद्धा मुद्दाम वगळलं तर? कमल बागेत फिरली. माहिती थोडी कमी झाली, वाक्य मात्र चाललं. असं अपुरं पण चालणारं डिस्ट्रोफिन ज्यांच्याकडे असतं त्यांना सौम्य प्रकार होतो, त्याला बेकर म्हणतात. १९९० मध्ये अशा एका रुग्णाची नोंद प्रसिद्ध झाली. त्याच्या डिस्ट्रोफिनचा ४६ टक्के भाग गायब होता आणि तो वयाच्या ६१ व्या वर्षी चालत होता. मला या सगळ्या विषयातली ही सगळ्यात भारी गोष्ट वाटते.

मग औषध निघालं का?

निघालं, आणि वादही निघाला. स्टेरॉइडमुळे चालणं काही काळ टिकतं, ते आजही पायाभूत उपचार आहेत. त्यापुढचं पाऊल म्हणजे कोड जुळावा म्हणून एखादा तुकडा वगळायला लावणारं औषध, वरच्या उदाहरणातल्या ‘सळी’सारखं. इटेप्लिरसेन हे त्यातलं पहिलं. अमेरिकेच्या एफडीएने २०१६ मध्ये त्याला मंजुरी दिली. एक्झॉन ५१ वगळून ज्यांचा कोड जुळतो अशा सुमारे १३ टक्के रुग्णांसाठीच ते आहे. मूळ चाचणीत होती १२ मुलं. १८० आठवड्यांच्या उपचारानंतर डिस्ट्रोफिन आढळलं ते निरोगी माणसाच्या सरासरी ०.९३ टक्के. आमच्याकडे बटणाचा रंग बदलायचा तरी हजारो युजरवर ए/बी टेस्ट होते. इथे दुर्मीळ आजार असल्यामुळे मुलंच थोडी मिळतात, आणि त्यांच्याकडे थांबायला वेळ नसतो.

मोजायचं कसं?

वर्षानुवर्षं मुख्य मापन होतं सहा मिनिटं चालण्याची चाचणी. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये मुलाला सहा मिनिटं चालवायचं आणि अंतर मोजायचं. मूल पडलं तर सांभाळायला एक माणूस मागे. अडचण लगेच लक्षात येते. सहा वर्षांचं पोर त्या दिवशी रुसलेलं असेल, लांबच्या प्रवासाने दमलं असेल, तर आकडा पडतो. शिवाय लहान मूल वाढतं, त्यामुळे सातेक वर्षांपर्यंत आजार असूनही अंतर वाढू शकतं. औषधाचा परिणाम कोणता आणि वाढीचा कोणता, हे वेगळं करणं कठीण.

एसव्ही९५सी मध्ये मूल घरी, शाळेत, खेळताना घोट्यावर सेन्सर घालतं. यामागचं उपकरण फ्रान्सच्या सिसनॅव्ह कंपनीचं. जीपीएस चालत नाही तिथे दिशा शोधणं हे त्यांचं मूळ क्षेत्र. प्रत्येक ढांगेचा वेग काढायचा, सगळे वेग चढत्या क्रमाने लावायचे आणि ज्याच्या खाली ९५ टक्के ढांगा येतात तो आकडा घ्यायचा. म्हणजे मुलाचा स्वतःहून गाठलेला जवळपास सर्वात जास्त वेग. सरासरी नाही घेत, कारण रमतगमत चालण्यात आजार लपतो. धावायला गेलं की दिसतो. २०१९ मध्ये ईएमएने हे आधी दुय्यम निकष म्हणून स्वीकारलं होतं.

हेच फोनचं ॲप का करू शकत नाही? सेन्सर वेग देत नाही, प्रवेग देतो. त्यातून वेग काढताना छोटी चूक साचत जाते. पाय मात्र प्रत्येक पावलाला जमिनीवर क्षणभर थांबतो, तिथे हिशोब शून्यावर आणता येतो. खिशातल्या फोनला अशी जागा मिळत नाही.

तरी सेन्सर म्हणजे जादू नाही. एलेव्हिडिस या जीन थेरपीची एम्बार्क चाचणी ४ ते ७ वयाच्या १२५ मुलांवर झाली. मुख्य निकष ३४ गुणांची हालचालींची तपासणी होता. वर्षाअखेरीस फरक निघाला ०.६५ गुण, संख्याशास्त्राच्या दृष्टीने अपुरा. सेन्सरच्या मोजणीत सेकंदाला सुमारे ०.१ मीटरचा फरक औषधाच्या बाजूने दिसला, पण मुख्य निकष हुकल्यावर दुय्यम निकष पुरावा ठरत नाही. निकाल पाहून निकष बदलणं म्हणजे टेस्ट फेल झाली म्हणून टेस्टच बदलणं. पुढे २०२५ मध्ये ही थेरपी घेतलेल्या, चालू न शकणाऱ्या दोन मुलांचा यकृत निकामी होऊन मृत्यू झाला.

आपल्याकडे काय?

घरात एखादा लहान भाऊ, भाचा वर सांगितल्यासारखा उठत असेल तर डॉक्टरांना सीके तपासणीबद्दल विचारा. साधी रक्ततपासणी आहे, डुशेनमध्ये आकडा खूप वाढलेला येतो. एसजीओटी-एसजीपीटी वाढलेलं पाहून कधी कधी यकृताचे उपचार सुरू होतात. ही एन्झाइम्स स्नायूंतूनही येतात. जनुक तपासणीत नेमका कोणता एक्झॉन गेलाय ते कळतं, आणि कुठल्या चाचणीत बसता येईल ते त्यावरच ठरतं. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात डुशेन आहे, आणि मुंबईचं केईएम हॉस्पिटल त्याखालच्या केंद्रांपैकी एक आहे.