झाकण उघडू नका!

गेल्या मे महिन्यात आम्ही घरची पाच माणसे भाड्याची व्हॅन घेऊन पुण्याहून मालवणाकडे निघालो. हॉटेलात उतरायचे नाही, गाडीतच निजायचे आणि जागा आवडेल तिथे स्टोव्ह पेटवायचा, हा मुलांचा हट्ट. माझी काळजी निराळी होती. आमच्या सौभाग्यवतींना इन्सुलिन घ्यावे लागते. ते तापले तर निकामी, आणि थिजले तरी निकामी! तेव्हा थर्मोकोलची एक पेटी घेतली, तिच्यात दहा किलो फोडलेला बर्फ भरला, वर दूध, दही आणि औषधाची डबी ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी पाहतो तो काय, पेटीत नुसते पाणी! दूध नासलेले, आणि डबी त्या कोमट पाण्यावर तरंगत असलेली. मुलांनी सरबतासाठी झाकण किती वेळा उघडले होते, याचा हिशेब कोणी द्यायचा?

मालवणच्या बंदरावर मासे विकणाऱ्या एका आजींनी आमची पेटी पाहिली आणि त्या खळखळून हसल्या. "बर्फाक वारो लागाक देव नकात, भाऊ!" त्यांनी अख्खी लादी घ्यायला लावली, पेटीभोवती लाकडाचा भुसा भरलेली गोणपाटे गुंडाळली, आतल्या मोकळ्या जागेत जुने कपडे कोंबले आणि डबी टॉवेलात गुंडाळून बर्फापासून दूर ठेवली. "आणि प्यायचा पाणी दुसऱ्या भांड्यात ठेवा," असे वर बजावले.

आजींना ठाऊक नव्हते, पण नेमकी हीच विद्या शिकण्यासाठी एका माणसाने उमेदीची वर्षे आणि सगळा पैसा घालवला होता. बोस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर हा तो माणूस. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यांतला बर्फ कापून उष्ण देशांत विकायचा, अशी त्याची कल्पना. १८०६ साली त्याने वेस्ट इंडीजमधल्या मार्टिनिक बेटावर जहाज नेले. बर्फ पोचला, पण तो ठेवायला तिथे जागाच नव्हती. डोळ्यांदेखत माल वितळला. लोक हसले. पुढे कर्जापायी त्याला तुरुंगही पाहावा लागला.

तरी गडी हटला नाही. आधी तो बर्फाभोवती गवत भरी. पुढे त्याला लाकडाचा भुसा सापडला. लाकूड कापण्याच्या गिरण्यांना नकोसा झालेला हा कचरा! भुश्याच्या कणाकणांत हवा कोंडून राहते आणि अशी कोंडलेली हवा उष्णतेला वाट देत नाही. त्याचा सहकारी नॅथॅनिअल वायथ याने घोड्यांनी ओढायचा बर्फाचा नांगर बनवला. त्याने एकसारख्या चौकोनी लाद्या निघू लागल्या. त्या एकमेकींना चिकटून रचता येत, मधे वारा शिरायला फट राहत नसे.

१२ मे १८३३ रोजी 'टस्कनी' नावाचे जहाज १८० टन बर्फ घेऊन बोस्टनहून कलकत्त्याला निघाले. चार महिन्यांचा प्रवास, दोनदा विषुववृत्त ओलांडायचे, तेही शिडांच्या जोरावर! कलकत्त्यात पोचताना सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता. आमचा दहा किलो बर्फ दीड दिवस टिकला नव्हता, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

पुढच्याच वर्षी, १८३४ साली, हा बर्फ मुंबईस आला. जमशेटजी जीजीभाईंनी मेजवानीत आइसक्रीम वाढले. यजमान आणि पाहुणे, दोघांनाही पडसे झाल्याची बातमी 'मुंबई समाचार'ने दिली! पुढे गोदीजवळ जाड भिंतींचे बर्फघर उभे राहिले. आज ते नाही. मद्रासचे बर्फघर मात्र अजून उभे आहे. तेथे १८९७ साली विवेकानंद राहिले होते. यंत्रावर बर्फ होऊ लागला, तसा हा व्यापार १८८०च्या सुमारास मोडीत निघाला.

यंत्राने थंडी निर्माण करता येते. पण प्रवासात ती राखावी लागते, आणि राखण्याची रीत अजून तीच आहे. एक किलो बर्फ वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्या उष्णतेने शून्य अंशाचे किलोभर पाणी ८० अंशांपर्यंत तापेल. एवढी शक्ती त्या लादीत असते. आपण फक्त बाहेरची ऊब आत जाऊ द्यायची नाही. आपल्याकडच्या छागलीची आणि माठाची तऱ्हा वेगळी. तिथे पाण्याची वाफ होताना ऊब निघून जाते. म्हणून देशावरच्या कोरड्या हवेत माठ छान गार करतो आणि कोकणच्या दमट हवेत हात टेकतो.

मालवणहून निघाल्यावर तिसऱ्या दिवशी घरी पोचलो. पेटी उघडली, तेव्हा तळाशी नारळाएवढा बर्फ उरला होता आणि डबी चांगली गार होती. सौभाग्यवती काही बोलल्या नाहीत. त्यांनी पेटी पुसली, माळ्यावर ठेवली, आणि धाकट्याकडून तिच्या झाकणावर ठळक अक्षरांत लिहून घेतले : 'विचारल्याशिवाय उघडू नये.'