पुरुषाचे मत आणि जमिनीचा वाटा

स्त्रीप्रश्नाविषयीचे पुरुषाचे मत अनुभवातून घडते असे मानले जाते. तो अनुभव हाती येतो मात्र आठवणीच्या रूपात. बारामतीच्या शारदाबाई पवार १९३८मध्ये पुणे जिल्हा लोकल बोर्डावर निवडून आल्या. तीन दिवसांच्या आपल्याला घेऊन त्या बैठकीस गेल्या, असे शरद पवार 'लोक माझे सांगाती' (२०१५) या आत्मकथेत सांगतात. ही स्मृती ऐकीव; तिला अर्थ आला तो प्रौढपणी. ते मुख्यमंत्री असताना १९९४मध्ये महिला धोरण आले, मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत समान वाटा मिळाला. आधीच विवाहित झालेल्या मुली वगळल्या गेल्या. ती मर्यादा २००५च्या केंद्रीय दुरुस्तीने दूर झाली. तथापि नीरा कालव्याखालील बारामती-इंदापूरच्या उसाच्या रानात मताची कसोटी हक्कसोडपत्रावरच लागते. तेथे बहिणीची सही मागणारा भाऊ समतेचा पुरस्कर्ताही असू शकतो.