क्रॉसओव्हर: बोलपटापासून गाडीच्या दारापर्यंत

मंडळी, लकडगंज म्हणजे नागपूरचा लाकूडबाजार. गाडीतल्या सबवूफरच्या डब्यासाठी प्लायवूड आणायला शनिवारी तिथे गेलो होतो. आरा मशीनची किंचाळी आणि ट्रकची घरघर एकदमच कानावर आदळली, आणि आठवला तो आदल्या आठवड्यात स्वतःच्या हाताने जाळलेला ट्वीटर!

झालं असं की, नव्या स्पीकरसोबत आलेली छोटी डबी "ही कशाला?" म्हणून बाजूला ठेवली आणि ट्वीटर थेट ॲम्पला जोडला. पंधरा मिनिटांत जळका वास. बोनसचे पैसे गेले! ती डबी म्हणजेच क्रॉसओव्हर.

तिची गोष्ट बोलपटांच्या काळातली. १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा' मराठीत बोलला, त्या सुमारास अमेरिकेतले इंजिनिअर एका प्रश्नाशी झगडत होते: एकच भोंगा खर्ज आणि तार स्वर दोन्ही कसे ऐकवणार? मोठा पडदा जड, तो सेकंदाला दहा हजार वेळा नीट हलत नाही. छोटा हलतो, पण खर्जाला लागेल तेवढी हवा ढकलू शकत नाही. मग कामं वाटून दिली. २७ एप्रिल १९३३ रोजी बेल लॅब्जने फिलाडेल्फियातला ऑर्केस्ट्रा तारेवरून वॉशिंग्टनमध्ये ऐकवला, तो खर्जाचे आणि वरच्या स्वरांचे भोंगे वेगळे ठेवून. एमजीएमच्या ध्वनिविभागाने हीच विभागणी थिएटरांत आणली आणि १९३६ साठीचं तांत्रिक ऑस्कर मिळवलं.

वाटणी करतो कोण? वूफरच्या वाटेवर कॉइल, ट्वीटरच्या वाटेवर कपॅसिटर. ४ ओहमच्या ट्वीटरला साधारण १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला, की ४००० हर्ट्झच्या खाली दर सप्तकाला ६ डेसिबल उतार. माझ्या ट्वीटरला हा पहारेकरीच नव्हता. ढोलाचा सगळा मार त्याच्या केसासारख्या बारीक तारेवर!

पण सांध्यावर दोन्ही स्पीकर वाजतात, आणि त्यांची बेरीज बिघडली की गाणाऱ्याचा आवाज फाटल्यासारखा वाटतो. १९७६ मध्ये सिगफ्रीड लिंकविट्झ यांनी यावर निबंध लिहिला. सहकारी रस रायली यांच्यासोबतची ही रचना आजही बऱ्याच डीएसपींत 'लिंकविट्झ-रायली' नावाने दिसते. दोघेही ह्यूलेट-पॅकार्डचे इंजिनिअर. नोकरी मोजमापाच्या यंत्रांची, ऑडिओ हा छंद!

असो. आपणही शनिवार-रविवारचेच कारागीर. फक्त स्पीकर बदलताना आधी डबी जोडा, आणि सेटमधल्या स्पीकरला त्याच सेटची डबी लावा. नवा ट्वीटर आणलाय. डबीसकट.