हस्तचालित नौका-शौचालय

हस्तचालित नौका-शौचालय हे लहान शिडाच्या नौकांवरील, हातपंपाने चालणारे शौचालय होय. पंपाचा दट्ट्या वरखाली केला असता समुद्राचे पाणी भांड्यात येते आणि मैला नळीवाटे समुद्रात किंवा साठवण टाकीत ढकलला जातो.

बिघाड बहुधा रबरी भागांत होतो. बाहेर जाणाऱ्या मार्गावर चोचीच्या आकाराची रबरी झडप (जोकर व्हॉल्व्ह) असते. ती सैल पडली की उपसलेले पाणी भांड्यात परतू लागते. अशी झडप दुरुस्त न करता बदलतात. मूत्र व खारे पाणी यांच्या संयोगाने नळ्यांत क्षारांचे कठीण थर साचतात. व्हिनेगरसारख्या सौम्य आम्लाने ते हळूहळू विरघळतात. दट्ट्या जड चालू लागल्यास सिलिकॉन ग्रीस लावतात.

भांडे जलरेषेखाली असल्यास खरा धोका दुर्गंधीचा नसून नौका बुडण्याचा असतो, कारण सायफन क्रियेने समुद्राचे पाणी आपोआप आत येत राहू शकते. त्यामुळे नळीला जलरेषेच्या वर वळसा देऊन त्याच्या माथ्यावर हवा घेणारी छोटी झडप बसवतात. मिठाने ती बुजली तर वळसा असूनही उपयोग होत नाही. ही तपासणी मात्र अनेकदा राहून जाते. दुरुस्तीपूर्वी, तसेच नौका सोडून जाताना, नौकेच्या कवचातील संबंधित तोट्या (सीकॉक) बंद करतात.