दारावरचे वर्तुळ

आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. काही वर्षांपूर्वी आठवीतील एका मुलीची आई मधल्या सुट्टीत बुरख्याचा पदर सावरीत आमच्याकडे आली आणि हळू आवाजात म्हणाली, "सर, बच्ची को टीबी निकला है. दवा चालू है. किसी को बोलना मत." आम्ही बोललो नाही. पण पुढच्याच आठवड्यात तपासणीला आलेल्या एका कर्मचाऱ्याने वर्गाच्या दारात उभे राहून तिचे नाव आणि रोगाचे नाव एका दमात पुकारले. चाळीस मुली मागे वळून पाहू लागल्या. त्या दिवसानंतर ती मुलगी तीन महिने शाळेत आली नाही. औषधे तिने पूर्ण केली हे तिच्या आईचे उपकार, आपल्या व्यवस्थेचे नव्हेत.

त्या माणसावर आम्हाला फार राग आला होता. नंतर इतिहास चाळला तेव्हा कळले, की त्याने काही नवे केले नव्हते. आपल्या मुलखात गरिबाचा आजार असाच दारात उभे राहून पुकारण्याची रीत जुनी आहे.

1896 च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे रोगी ओळखले. 6 ऑक्टोबरला महापालिकेने जाहीरनामा काढून रोग्यांना सक्तीने इस्पितळात हलवण्याचा अधिकार स्वतःकडे घेतला. लोक घाबरले. 29 ऑक्टोबरला गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. शहरातील हलालखोर, म्हणजे सफाई कामगार, पळून गेले तर शहराचे काय होईल या धास्तीने पालिकेला नरमाईचे धोरण घ्यावे लागले. पण 4 फेब्रुवारी 1897 रोजी साथरोगांचा कायदा आला आणि सरकारचे हात मोकळे झाले. कायदा इवलासा, अवघ्या चार कलमांचा. सरकारला वाटेल ते उपाय योजावेत, न मानणाऱ्याला शिक्षा व्हावी, आणि अंमलदाराने सद्भावनेने केलेल्या कामाबद्दल त्याच्यावर दावा चालू नये. रोग्याचा हक्क म्हणून त्यात एक ओळही नाही. हाच कायदा 2020 मध्ये पुन्हा कपाटातून बाहेर निघाला, तेव्हा आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्यांसाठी त्यात शिक्षा वाढवली गेली. ते योग्यच झाले. रोग्यासाठी मात्र तेव्हाही काही लिहिले गेले नाही.

मार्च 1897 मध्ये ब्रिगेडियर जनरल गटाकर यांच्या हाताखाली मुंबईची प्लेग कमिटी नेमली गेली. शोधपथके चाळीचाळींतून फिरू लागली. जांघेत आणि काखेत गाठ आहे का हे पाहणे हीच प्लेगची परीक्षा. रेल्वे स्टेशनांवर उतारूंची तपासणी होई. ज्या घरातील बाई परक्या पुरुषासमोर चेहराही उघडत नव्हती, तिच्या घरच्यांना हे काय वाटले असेल ते आमच्या वाचकांना समजावून सांगायला नको. ज्या घरात प्लेगचा मृत्यू होई त्या घराच्या भिंतीवर वर्तुळ काढीत. राहण्यास नालायक ठरलेल्या घरांवर इंग्रजीत 'यू. एच. एच.' अशी अक्षरे उमटत. घरधन्याला ती वाचता येत नसत, पण सगळ्या गल्लीला त्यांचा अर्थ कळे.

परिणाम काय झाला? लोक रोगी लपवू लागले. साहेबांनी याला अडाणीपणा म्हटले, आणि आपल्यातील शिकलेल्यांनीही तीच री ओढली. आम्हाला ते अर्धेच खरे वाटते. औषधाला नाही म्हणणारे होतेच, अफवाही भरपूर होत्या. पण घर उघडे पडण्याची, बाई उघडी पडण्याची भीती ही अफवा नव्हती.

पुण्यात काय झाले ते आपल्या पाठ्यपुस्तकात आहे. रँडच्या कारभारात गोऱ्या शिपायांनी घरे झडली आणि 22 जून 1897 रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या. मुंबईत काय झाले ते मात्र मुलांना ठाऊक नसते. 9 मार्च 1898 रोजी मदनपुऱ्यात मोमीन विणकरांच्या वस्तीत (सरकारी कागद त्यांना जुलाहा म्हणतात) शोधपथक एका घरी आले. घरात मुलगी आजारी होती. परक्या पुरुषाने तिला तपासावे याला घरच्यांनी नकार दिला. बोलाचालीचे दंगलीत रूपांतर झाले, गोळीबार झाला, दोन्ही बाजूंची माणसे मेली. त्यानंतर सरकारला सक्ती सैल करावी लागली. पुण्याची हकीकत स्वातंत्र्याच्या इतिहासात गेली, मदनपुऱ्याची 'दंगा' या सदराखाली राहिली. दोन्ही ठिकाणी लोकांच्या मनात सलत होते ते एकच. आमचे घर, आमची बाई, आमचा आजार हा चव्हाट्यावरचा तमाशा नव्हे.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आम्ही नुसती तक्रार केली असे होईल. त्याच काळात खोजा, मेमन, पारशी अशा जमातींना आपापली प्लेग इस्पितळे काढण्याची परवानगी मिळाली. जिथे ओळखीची माणसे होती आणि अब्रू सांभाळली जाईल असा भरवसा होता, तिथे लोक आपले रोगी नेऊ लागले. डॉ. हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार करून जानेवारी 1897 मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे तरुण आगाखान, तिसरे सर सुलतान महंमद शाह, यांनी आपल्या जमातीसमोर स्वतः टोचून घेतले, आणि हाफकिनच्या प्रयोगशाळेला आपला खुश्रू लॉजही वापरायला दिला. लोकांवर विश्वास टाकला तर लोकही विश्वास टाकतात, हे 1897 मध्येही दिसले होते.

रोग्याचे गुपित राखणे ही काही विलायतेहून आलेली चैन नाही. हिपॉक्रेटिसची शपथ अरबीत उतरली होती आणि तेराव्या शतकातील इब्न अबी उसैबिया याने तबीबांच्या चरित्रकोशात ती नोंदवून ठेवली आहे. रोग्याच्या घरात जे दिसले, जे ऐकले, ते बाहेर काढू नये, हा त्या शपथेचाच भाग. आमच्या बोलीत याला साधा शब्द आहे, अमानत. हकीमाकडे नाडी देणारा माणूस आपले राज़ही त्याच्या हाती देत असतो.

पण अमानत शब्दाने पाळली जाते तशी कायद्यानेही पाळावी लागते, आणि आपल्या देशात ही गोष्ट फार उशिरा सुचली. 1989 मध्ये गोव्यात डॉमिनिक डिसूझा या तरुणाने रक्तदान केले होते. रक्तात एचआयव्ही सापडला आणि पोलिसांनी त्याला उचलून क्षयरोग्यांच्या एका जुन्या इस्पितळात 64 दिवस एकटे ठेवले. त्याच्याशी आधी कोणी बोललेसुद्धा नाही. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तशी तरतूदच होती. आई ल्यूसी यांनी उच्च न्यायालयाच्या पणजी पीठाकडे धाव घेतली. मुलगा सुटला, पण कायदा न्यायालयाने उचलून धरला. नोकरी गेली, तरी तो उरलेले आयुष्य अशाच रोग्यांसाठी झगडला आणि 1992 मध्ये वारला.

1997 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका रोजंदारी कामगाराचे प्रकरण ऐकले. एचआयव्हीमुळे त्याला कामावरून काढले होते. न्यायालयाने त्याला नाव न उघड करता दाद मागू दिली आणि कामावर परत घ्यायला लावले. हे आम्हाला फार मोठे वाटते. न्याय मागायचा तर आधी आपला रोग छापून आणायचा, ही अट तिथे मोडली. पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात सांगितले, की रोग्याच्या गुपिताचा हक्क आहे, पण तो निरपवाद नाही. दुसऱ्याच्या जिवाला, उदाहरणार्थ होणाऱ्या पत्नीला, धोका असेल तर डॉक्टर बोलू शकतो. त्या निकालात रोग्याच्या लग्नाच्या हक्काविषयीही कडक शेरे होते, ते 2002 मध्ये मागे घेतले गेले.

त्याच 2002 साली डॉक्टरांच्या आचारसंहितेत ही गोष्ट लेखी आली. न्यायालयाचा हुकूम, विशिष्ट माणसाला गंभीर धोका आणि सरकारला कळवायचे रोग, एवढे अपवाद सोडले तर डॉक्टरने तोंड उघडायचे नाही. रोग्याने आपले कागद मागितले तर 72 तासांत द्यायचे. हे कलम आमच्या मोहल्ल्यात दहा जणांनाही ठाऊक नसेल. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. त्याच वर्षी एचआयव्ही आणि मानसिक आरोग्य या विषयांवर दोन कायदे झाले आणि दोन्हींत गोपनीयतेची कलमे आली.

आता टीबीकडे येतो. 2012 पासून टीबीचा प्रत्येक रोगी सरकारला कळवणे डॉक्टरला बंधनकारक आहे, आणि ते असावेच. साथ मोजल्याशिवाय रोखता येत नाही. पण सरकारच्या नोंदवहीत नाव जाणे वेगळे आणि वर्गाच्या दारात नाव पुकारले जाणे वेगळे. 1897 मध्ये हा फरक कुणाला करावासा वाटला नाही. 2020 मध्येही पुष्कळांना वाटला नाही. विलगीकरणातील माणसांच्या हातावर शिक्के मारले गेले, दारांवर पत्रके लागली. सरकारी पत्रकार परिषदेत एका जमातीच्या रोग्यांचा आकडा रोज वेगळा सांगितला गेला आणि भाजी विकणाऱ्या मुसलमानालाही त्याची किंमत मोजावी लागली. ऑगस्ट 2020 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद पीठाने तबलीगच्या परदेशी पाहुण्यांवरील गुन्हे रद्द केले. डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की सक्षम अधिकाऱ्याचा आदेश असल्याशिवाय रोग्याच्या दारावर पत्रक लावता येणार नाही. मदनपुऱ्यानंतर सव्वाशे वर्षे होत आली होती.

गेल्या वर्षी शाळेत पुन्हा तपासणी आली तेव्हा आम्ही मुख्याध्यापकांकडे वेगळी खोली मागितली. थोडी कुरकुर झाली, मग प्रयोगशाळा मिळाली. मुली एकेक करून आत गेल्या. दाराला कडी नव्हती, म्हणून शिपाईमावशी स्टूल घेऊन बाहेर बसल्या.