वैद्यकीय उपकरणांची विद्युत सुरक्षा व तपासणी

रुग्णालयातील विजेच्या उपकरणांपासून रुग्णाला किंवा कर्मचाऱ्याला शॉक बसू नये यासाठी केलेली रचना, जोडणी आणि नियमित मोजणी यांचा या विषयात समावेश होतो. घरगुती उपकरणांपेक्षा येथील मर्यादा कितीतरी कडक असतात. बेशुद्ध रुग्णाला झटका बसताच हात मागे घेता येत नाही; शिवाय विजेला अडवणारी कोरडी त्वचा जेल लावलेले इलेक्ट्रोड, सुया आणि नळ्या यांनी ओलांडलेली असते.

50 हर्ट्झचा सुमारे 1 मिलिअँपिअर प्रवाह मुंग्या आल्यासारखा जाणवतो. तो 10 मिलिअँपिअरच्या पुढे गेला की मुठीतली वस्तू सोडवत नाही, आणि छातीतून जाणारा प्रवाह 100 मिलिअँपिअरच्या आसपास पोहोचला की हृदयाच्या जवनिका आकुंचन न पावता नुसत्या थरथरू लागतात. तात्पुरत्या पेसमेकरची तार हृदयापर्यंत गेलेली असेल तर मात्र 100 मायक्रोअँपिअरच्या आसपासचा, म्हणजे हजारपट कमी प्रवाहही तितकाच घातक ठरू शकतो. परिचारिकेने एका हाताने सदोष मॉनिटरची पत्र्याची पेटी आणि दुसऱ्या हाताने त्या तारेचे उघडे टोक धरले, तर तिला काहीही न जाणवता तिच्या शरीरातून हा प्रवाह रुग्णाकडे जातो. यास मायक्रोशॉक म्हणतात.

विजेवरच्या प्रत्येक उपकरणात थोडा गळती प्रवाह असतोच. तो अर्थिंगच्या तारेतून जमिनीत जातो. ही तार तुटली तरी उपकरण पूर्वीसारखेच चालते, पडद्यावर आलेखही दिसतो. दोष मोजल्याशिवाय कळत नाही, आणि तपासणीची खरी गरज इथेच आहे. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अडॅप्टरमधून लावणे हे म्हणूनच गंभीर कृत्य होय. एकाच एक्स्टेंशन बोर्डावर अनेक उपकरणे लावली, तर सर्वांची गळती एका तारेवर एकवटते.

रचनेसाठी आयईसी 60601-1 हे मानक 1977 मध्ये प्रथम प्रसिद्ध झाले. भारतात त्यावर आधारित आयएस 13450 आहे. रुग्णाला जोडल्या जाणाऱ्या भागांचे बी, बीएफ आणि सीएफ असे प्रकार असून थेट हृदयाशी संबंध येणाऱ्या सीएफवर चौकोनातील हृदयाची खूण असते. रुग्णाकडे जाणाऱ्या गळतीची मर्यादा बी व बीएफसाठी 100, तर सीएफसाठी 10 मायक्रोअँपिअर आहे; एखादा दोष उद्भवला असता ती अनुक्रमे 500 व 50 धरतात.

वापरातील उपकरणांची तपासणी आयईसी 62353 नुसार निर्मात्याने सांगितलेल्या अंतराने आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर होते. प्रथम डोळ्यांनी पाहणी: तडकलेला प्लग, सोललेली वायर, ढिली पिन. नंतर प्लगच्या अर्थ पिनेपासून पेटीपर्यंतचा रोध मोजतात. तो वायरसह 0.3 ओहमपेक्षा जास्त नसावा. मोजताना वायर वाकवून पाहतात, कारण आतून अर्धवट तुटलेली तार सरळ असताना चांगली भासते. पुढे 500 व्होल्टवर इन्सुलेशन आणि शेवटी सेफ्टी अ‍ॅनालायझरने गळती मोजतात. मानवी शरीराच्या जागी त्यात 1,000 ओहमचे मंडल असते. नोंदी मागील आकड्यांशी ताडून पाहाव्या लागतात: मर्यादेत असूनही वाढत चाललेली गळती इन्सुलेशन खराब होत असल्याचे सांगते.

ऑपरेशन थिएटर व अतिदक्षता विभागात विलगीकरण ट्रान्सफॉर्मरमधून वीज देतात. पहिला दोष आल्यावर तेथे पुरवठा बंद पडत नाही. इन्सुलेशन 50 किलोओहमखाली येताच फक्त इशारा मिळतो आणि चालू शस्त्रक्रिया पूर्ण करता येते.