बावीस अक्षरांचा अंमलदार

मनुष्याच्या बहुतेक सर्व पेशींत आनुवंशिक पोथी एकच असते; तरी डोळ्याची पेशी डोळ्याचें व यकृताची पेशी यकृताचेंच काम करते. जी ती आपापला अध्याय तेवढा उघडते. पण कोणता अध्याय केव्हां मिटावयाचा, हें ठरवितो कोण? हा अंमल प्रथिनांचाच, असा विद्वानांचा फार दिवस समज होता. त्याला धक्का दिला तो मातींतल्या एका कृमीनें!

'सीनोऱ्हॅब्डायटिस एलिगन्स' हा कृमि जेमतेम १ मिलिमीटर लांब. अमेरिकेंत रॉबर्ट हॉर्विट्झ यांच्या प्रयोगशाळेंत व्हिक्टर अँब्रॉस व गॅरी रव्हकुन यांनीं १९८० नंतर त्याचा अभ्यास केला. 'लिन-४' हें जनुक बिघडलें कीं कृमि बाळपणाचाच धडा पुनःपुन्हां गिरवी; 'लिन-१४' बिघडलें कीं अकालींच प्रौढ होई. पहिलें जनुक दुसऱ्यास आवरतें, हें अँब्रॉस यांनीं दाखविलें. पण कसें?

पुढें दोघांच्या प्रयोगशाळा वेगळ्या झाल्या. अँब्रॉस यांच्याकडे रोझालिंड ली व रोंडा फाइनबॉम यांनीं 'लिन-४'चा पिच्छा पुरविला. त्यापासून प्रथिन होतच नाहीं. हातीं आला तो अवघ्या २२ अक्षरांचा आर्. एन्. ए.! एखाद्यानें तो कचरा म्हणून टाकून दिला असता. इकडे रव्हकुन यांना दिसलें कीं, 'लिन-१४'ची आर्. एन्. ए. नक्कल तयार होते, परंतु तिच्यावरून प्रथिन घडण्याचें काम अडतें, आणि अडण्याचें स्थान नकलेच्या शेपटाकडे आहे. १९९२ सालीं दोघांनीं आपापलीं अक्षरें ताडून पाहिलीं. तीं एकमेकांस पूरक निघालीं! लहान आर्. एन्. ए. त्या शेपटास बिलगतो व प्रथिनाची घडण थांबते. १९९३ मध्यें हे दोन निबंध 'सेल' नियतकालिकांत आले.

आणि पुढें सात वर्षें शांतता. कृमीची ही खोड कृमीपुरतीच, असें बहुतेकांनीं मानलें. क्षुद्र जीवाविषयींची ही बेपर्वाई शास्त्राला शोभणारी नव्हती. २००० सालीं रव्हकुन यांच्या गटानें 'लेट-७' हा दुसरा लघु आर्. एन्. ए. प्रसिद्ध केला, तो मनुष्यांतही आढळला, तेव्हां सगळे जागे झाले. आज मनुष्यांतच असे शेंकडों ज्ञात आहेत. एकेकाच्या हाताखालीं अनेक जनुकें असतात.

२०२४ चें नोबेल पारितोषिक अँब्रॉस व रव्हकुन यांना मिळालें. अँब्रॉस-गटाच्या निबंधावर पहिलें नांव ली यांचें होतें. पारितोषिकावर तें नाहीं.

या लघु आर्. एन्. ए. ना कापून आकार देणारें 'डायसर' नांवाचें प्रथिन आहे. त्याच्या जनुकांत जन्मतः दोष असलेल्या मुलांना फुप्फुसांत, मूत्रपिंडांत व थायरॉइड ग्रंथींत गांठी होण्याचा धोका असतो.